कढीची पोच

आमच्या शेजारच्या आप्पांना मी एकदा वाटीभर कढी दिली. कुंपणावरूनच हातात दिली, पोरीबाळी देतात तशी. दुसऱ्या दिवशी वाटी घासूनपुसून परत आली, आणि वाटीत घडी घातलेला एक कागद. मला वाटलं, रिकामी वाटी परत करू नये म्हणून पुडीत साखर घातली असेल. उघडून बघते तर काय! ‘आपणाकडून कढी एक वाटी मिळाली. स्थिती गरम. मीठ किंचित कमी. ही पोच दिली असे.’ खाली सही, तारीख आणि वेळ.

आता सांगा, चाळीस वर्षं झाली मला कढी करून. आमच्या घरातल्यांनी तोंडानं कधी ‘बरी झालीय’ म्हटलं नाही, आणि इथं लेखी! तो कागद मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलाय.

जे कधी कचेरीची पायरी चढले नाहीत त्यांना पोच म्हणजे काय ते सांगते. अर्ज दोन प्रतींत न्यायचा. एक ते ठेवून घेतात, दुसरीवर गोल शिक्का मारून, सही करून परत देतात. ती शिक्क्याची प्रत म्हणजे पोच. अर्जाचं पुढं काही होवो न होवो, आपण दिला होता हे त्यांना नाकारता येत नाही. आप्पांचा सगळा जीव त्या गोल शिक्क्यात. ते नोकरीला होते साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. उसाची गाडी आली, वजन झालं, की पावती फाडायची. तीस वर्षं पावत्या फाडून फाडून त्यांची अशी समजूत झाली, की या जगात ज्याची पावती नाही ते घडलंच नाही.

गावात कुणी म्हणालं, “आप्पा, काल तुमच्याकडं येऊन गेलो, तुम्ही नव्हता,” की आप्पा लगेच, “पोच हाय का?”

देवळात नारळ फोडला की पुजाऱ्याला, “ह्येची पोच कोन देनार?”

लग्न केलं नाही त्यांनी. गावातल्या बायका म्हणायच्या, बरं झालं, नाहीतर बायकोकडं चहाची पण पोच मागितली असती.

निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, आप्पा अर्ज करायला लागले. पण त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. एका साहेबानं अर्ज उलटा धरून वाचला म्हणे. तेव्हा आप्पा माझ्याकडं आले. “वैनी, तुमचं अक्षर गोल हाय. तुमी लिवा, मी सांगतो.” मी शाळा शिकले चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण माझं अर्जांवर झालं. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘तरी मेहेरबान साहेबांनी’, ‘सदर’, ‘सबब’ हे शब्द माझ्या हातात असे बसले, की एकदा माहेरी भावाला पत्र लिहिलं ते ‘महोदय’ म्हणून. भाऊ आठ दिवस घाबरून होता.

आणि सांगायची तऱ्हा कशी? आप्पा बसून अर्ज सांगत नाहीत. तुळशीपासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून तुळशीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या. तुळशीपाशी म्हणतील ‘विषय’, फाटकाशी जाऊन मजकूर. मध्येच चप्पल काढतील, परत घालतील, कधी डावी उजवीत. मी म्हणायचे, “अहो आप्पा, टेका की जरा घडीभर.” तर म्हणायचे, “बसलं की अर्ज बी बसतो वैनी. साहेबाच्या टेबलावर जाऊन बसतो.”

गाव आणि देश यात त्यांना कधी फरकच करता आला नाही. सकाळी ग्रामपंचायतीला गटारीच्या झाकणासाठी, दुपारी त्याच शाईनं दिल्लीला. दिल्लीला त्यांनी कळवलं, की निवडून आलेल्या प्रत्येकानं महिन्यातून एकदा आपापल्या गावाला एसटीनं, तेही उभ्यानं जावं. एकदा लिहिलं, की देशातल्या सगळ्या बँकांत पेन दोरीला बांधतात ते ताबडतोब सोडावं. ज्याच्यावर एका पेनापुरता भरवसा ठेवत नाही, त्याच्याकडनं आयुष्याची कमाई कुठल्या तोंडानं मागता?

त्या पेनाच्या अर्जाची गंमत सांगते. तो दिल्लीहून मुंबईला आला, मुंबईहून पुण्याला, तिथून तालुक्याला, आणि तालुक्यावरून आमच्या ग्रामपंचायतीत. एक दिवस ग्रामसेवक आप्पांच्या दारात. “आप्पा, वरून एक प्रकरण आलंय. गावातल्या जाणत्या माणसाचा अभिप्राय जोडून पाठवायचाय. तुमच्याइतकं जाणतं दुसरं कोण?” आप्पांनी कागद बघितला, स्वतःचाच. चष्मा पुसला आणि मला म्हणाले, “लिवा वैनी. अर्जदाराचे म्हणणे सर्वथा योग्य आहे.” आणि ग्रामसेवकाकडनं त्याची पोच घेतली!

पण एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. स्वतःसाठी अर्ज नाही. त्यांच्या दारापुढचा दिव्याचा खांब वर्षभर बंद होता, पण त्यांनी अर्ज केला वरच्या आळीच्या खांबासाठी. प्रत्येक अर्ज ‘आम्ही खाली सह्या करणार ग्रामस्थ’ असाच सुरू व्हायचा. “एकट्याचं रडगानं कुनी ऐकत न्हाई वैनी. आन् ऐकू बी नये,” असं म्हणायचे.

आता रस्त्याचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलंय.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, पण नदी ओलांडली की दौंड तालुका. गावातून जुना रस्ता जायचा, बैलगाडी समोरून आली तर एसटी थांबायची एवढा. त्याचा मोठा रस्ता झाला. शिक्रापूरच्या कंपन्यांचे कंटेनर रात्रंदिवस त्यावरून पळायला लागले. आणि मधोमध घातला सिमेंटचा दुभाजक, माझ्या कंबरेइतका. गावाचे झाले दोन तुकडे. देवळाकडची आमची आळी अलीकडं. दवाखाना, गिरणी, न्हाव्याचं दुकान पलीकडं. समोर दिसतं, हाक मारावी इतकं जवळ, पण जायचं तर खाली पेट्रोल पंपाच्या वळणापर्यंत दोन किलोमीटर, आणि तितकंच परत. तरणी माणसं दुभाजकावरून उड्या मारतात. एक गडी दळणाच्या डब्यासकट पडला. कंटेनरवाल्यानं ब्रेक लावला म्हणून वाचला. पीठ मात्र रस्ताभर झालं.

आप्पांनी अर्ज केला, की आळीच्या तोंडाशी माणसांना ओलांडायला वाट ठेवा, अलीकडं पलीकडं गतिरोधक करा. आणि भरल्या पारावर शब्द दिला, “वाट व्हस्तवर मी उडी बी मारनार न्हाई आन् वळसा बी घालनार न्हाई. वळसा घातला म्हंजी त्यांचा रस्ता बरोबर हाय अशी सही दिल्यासारखं व्हतं.”

झालं. तेव्हापासून आप्पा पलीकडं गेलेच नाहीत. तालुक्याला जायचं तर मागच्या पाटाच्या रस्त्यानं, दुधाच्या टेंपोत बसून. पलीकडच्या लग्नांचे आहेर दुसऱ्याच्या हाती. केस मानेवर आले. शेवटी न्हावीच एक दिवस धोकटी घेऊन दुभाजकावरून उडी मारून आला. “आप्पा, तुमचं डोकं बघून माझ्या दुकानाची बदनामी व्हायलीय,” म्हणाला.

पलीकडं त्यांची थोरली बहीण राहते, इंदूआक्का. गावातच दिलेली. माणूस मागंच गेला, मुलं नाहीत. पूर्वी आप्पा रोज संध्याकाळी तिच्याकडं जेवायला जायचे. ते बंद झालं तसं बायकांची तोंडं सुरू झाली. “रस्त्याचं नुसतं नाव गं. वाटणीवरनं बिनसलंय बहीणभावाचं.” खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटायचं. इतका हट्ट कुणी सिमेंटशी धरतं का? म्हणून तर मी कढी द्यायला लागले. एकटा माणूस, दोन्ही वेळेला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी.

रोज पाच वाजले की आप्पा फाईल काखेत मारून रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. गाड्या मोजायचे. फाईलच्या पाठीवर एकेका गाडीची एकेक रेघ. तो तक्ता मी सवडीनं साफ कागदावर उतरवायचे. त्यातही वेडेपणाच. एका दिवशी चाळीस रेघा, दुसऱ्या दिवशी तीनशे. मी म्हटलं, “आप्पा, मोजायचं तर तासभर नीट मोजा. हे असं मध्येच काय सोडता?” तर म्हणाले, “तुमी लिवा.”

सह्यांचं मात्र अवघड झालं. एक अर्ज, दोन अर्ज, चार अर्ज झाले, मग माणसं कंटाळली. आप्पा आळीत शिरले की दारं लागायची. अशात आमच्या आळीचे बाबूतात्या गेले, नव्वदीचे. नदीच्या घाटावर दशक्रिया. तुम्ही आमच्या भागातली दशक्रिया बघितलीय का? मांडव, खुर्च्या, महाराजांचं प्रवचन, पांढऱ्या कपड्यातल्या पुढाऱ्यांची भाषणं. सभेला येणार नाही एवढा समाज. आणि सगळे मोकळे बसलेले, कारण पिंडाला कावळा शिवेपर्यंत कुणाला हलता येत नाही.

त्या दिवशी कावळा शिवेना. झाडावर दहा बसलेले, पण एक खाली येईना. तात्यांच्या मुलानं हात जोडून सांगितलं, भावांत भांडण करणार नाही. सुनेनं सांगितलं, म्हातारीला सांभाळते. कावळे ढिम्म. ऊन वाढलं, महाराजांचंही सांगून संपलं. तेवढ्यात आप्पा उठले, फाईल घेऊन पिंडापाशी गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “तात्या, रस्त्याची वाट मी करून घेतो. काळजी करू नगा.”

आणि काय सांगू, भुर्रकन एक कावळा आला नि पिंडावर बसला!

मांडवात शहारे आले. आप्पांनी तिथल्या तिथं फाईल उघडली. “म्येलेल्या मानसाची इच्छा हाय मंडळी. सह्या करा.” आणि लोक रांगेत उभे राहिले हो! पुढाऱ्यांनी केल्या, महाराजांनी केली, आचाऱ्यानं पिठाच्या हातानं अंगठा दिला. कागद संपले, तर दशक्रियेच्या पत्रिकेच्या पाठीवर सह्या घेतल्या. टेंपोत परत येताना आप्पा लहान मुलासारखे कागद हुंगत होते.

पुढच्याच सोमवारी तालुक्याला गेलो. अक्षर माझं, म्हणून मलाही नेलं. कचेरीत नवीन मॅडम आलेल्या, माझ्या लेकीएवढ्या. सगळे साहेब सह्यांची जाडी बघतात, या बाईनं मात्र एकेक सही वाचायला घेतली. नाव, गाव, नाव, गाव. मग चष्म्यावरून बघून म्हणाल्या, “आप्पा, राहू, पारगाव, केडगाव, वरवंड... हे सगळे दौंड तालुक्यातले आहेत.”

आप्पा म्हणाले, “व्हय. तात्यांची सोयरीक समदी नदीपल्याड.”

“मग हे लोक तुमच्या गावात रस्ता ओलांडायला कधी येणार?”

आप्पा म्हणाले, “परत कुनी वारलं तर येतील की!”

मॅडमना हसू आवरेना. मी पदरात तोंड घातलं. पण हसून झाल्यावर त्या चांगलं बोलल्या. “आप्पा, एवढ्या सह्या नकोत मला. गाड्यांचा हा तक्ताही चालणार नाही, रोज वेगळ्याच वेळी थांबलाय. ज्याला खरोखर रोज पलीकडं जायचंय आणि जाता येत नाही, अशा एकाचा अर्ज द्या. एकाचाच, पण खरा. मी जागेवर येऊन बघते.”

गावात आल्यावर आप्पा दारोदार फिरले. एक अर्ज, फक्त एक. पण लिहून कोण देणार? रोज ओलांडतो म्हटलं तर उडी मारतो हे कबूल केल्यासारखं. गिरणीवाला म्हणाला, “आप्पा, उडी मारायची मनाई हाय. माझ्याच सहीनं मला दंड लावता व्हय?” दुसऱ्यानं सांगितलं, “आमाला आता सवय झालीय.” हे ऐकून आप्पांचा चेहरा पडला. त्यांना नकार चालतो, सवय चालत नाही. दोन दिवस त्यांच्या अंगणातनं नुसता चपलांचा आवाज. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

तिसऱ्या दिवशी दुपारी आले. हातात कोरे कागद. मी कागदाखाली धरायला पाटी गुडघ्यावर घेतली आणि तुळशीकडं बघत राहिले, आता चालायला लागतील म्हणून.

आप्पा माझ्या समोर ओट्यावर बसले.

“लिवा. अर्जदार एकच.” मग खाली बघून, एकेक शब्द सुटा सुटा करून सांगायला लागले. मी लिहिलं ते असं :

‘माझी थोरली बहीण रस्त्याच्या पलीकडे राहते. आई वारली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. सदर बहिणीने मला वाढविले. अर्जदार अविवाहित असून रस्ता होण्यापूर्वी रोज सायंकाळी सदर बहिणीकडे जेवत असे. सदर बहिणीचे दोन्ही गुडघे गेले असल्याने तिला वळसा घालून अलीकडे येता येत नाही. मागील भाऊबीजेस सदर बहिणीने पलीकडे उभे राहून ओवाळले. मध्ये कंटेनर आला. त्यामुळे ओवाळणे अर्धवट राहिले.’

माझा हात थांबला. “आप्पा, म्हणजे तुमचं बिनसलेलं नाही?”

“कुनाचं?”

“आणि रोज पाचला तुम्ही तिथं...”

“गाड्या मोजतो.” मग म्हणाले, “ती दारात येस्तवर मोजतो. कवा लवकर येती, कवा गुडघं धरलं की येळ लागतो.”

चाळीस रेघा. तीनशे रेघा. इतके महिने मी उतरवत होते ते.

मला रागच आला, खरं सांगते. “मग एक दिवस जायचं की वळसा घालून! जीपनं दहा मिनिटं लागतात. सिमेंटच्या हट्टापायी म्हाताऱ्या बहिणीला...”

आप्पांनी हात पुढं केला. अर्ज घेतला, सही केली. नाव लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची सही अर्जाखाली एकटीच होती. दोन प्रती झाल्यावर म्हणाले, “अजून एक करा.”

“तिसरी कशाला? एक कचेरीला, एक पोचेची.”

“एक आक्काला. तिच्याबद्दल लिवलंय, तिला म्हाईत पायजे.”

ती तिसरी प्रत घेऊन मीच गेले. जीपनं, वळसा घालून. इंदूआक्का चुलीपुढं बसली होती. मी अर्ज वाचून दाखवला. ती तव्यावरची भाकरी उलथत ऐकत होती. कंटेनरचं आलं तेव्हा हसली. “व्हय गं, निरांजनच इझलं वाऱ्यानं.”

मी म्हटलं, “आक्का, तुम्ही सांगितलं तर येतील ते. त्यांना म्हणा, सोडा हट्ट.”

“आगं, निघाला हुता की एकदा,” इंदूआक्का म्हणाली. “मला ताप आला हुता तवा. पंपाच्या दिशेनं चालाया लागला. म्या हितनं हातानं माघारी फिरीवला. समद्या गावापुढं बोललाय त्यो. माझ्यापायी त्येचा सबूद मोडला असं नगं व्हायला.” मग भाकरी उतरवून म्हणाली, “लहानपनापासनं आसाच. दूध दिलं तरी म्हनायचा, मला दिलं असं बापाला सांग.”

मी उठले तर म्हणाली, “थांब. त्येला पोच लागती.”

तिला लिहिता येत नाही. तिनं बाजूचं गार पातेलं उचलून पालथं केलं, अंगठा बुडाच्या काजळीवर घासला आणि अर्जाच्या खाली, कोपऱ्यात दाबून उठवला. फुंकर घातली. “ही त्येला दे. आन् माझ्यासाठी दुसरी लिवून आन.”

आले ती सरळ आप्पांच्या ओट्यावर. कागद हातात दिला. आप्पांच्या घरात शिक्क्यांच्या पोचांनी भरलेली ट्रंक आहे, जुन्या लुगड्याच्या काठांनी बांधलेले गठ्ठे, वर्षावार. मला वाटलं, हाही त्यात जाईल. आप्पांनी अंगठा पाहिला. मला विचारलं, “किती वाजता दिली?” मी सांगितलं. त्यांनी अंगठ्याशेजारी वेळ घातली, घडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली.

मॅडमना अर्ज पोचला. त्या खरंच येऊन गेल्या. टेपनं मापं घेतली, दुभाजकावर लाल रंगाच्या दोन खुणा केल्या, वरती कळवते म्हणाल्या. त्याला आता बरेच दिवस झाले. खुणा फिकट व्हायला लागल्यात. आप्पांनी दर सोमवारी स्मरणपत्र द्यायचं ठरवलंय, आणि देशातल्या सगळ्या गावांसाठी दिल्लीला वेगळं पत्र, की दुभाजक घालण्याआधी त्या गावातली सर्वांत म्हातारी बाई पलीकडं नेऊन दाखवा, मग सिमेंट ओता. पुन्हा तुळस ते फाटक सुरू झालंय. मी लिहितेय.

काल पाच वाजता मीही त्यांच्याबरोबर रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. कंटेनरमागून कंटेनर, मध्ये उसाच्या ट्रॉल्या, नुसती धूळ. मला पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आप्पा रेघा मारत होते. एक, दोन, पाच, अकरा. सतराव्या रेघेला हात थांबला. त्यांनी फाईल डोक्याच्या वर धरली, खाली घेतली, आणि पेनाला टोपण लावलं.